लाल चिठ्ठीची पुस्तके

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी गेली अकरा वर्षे काम करते आहे. 'तालिकीकरण विभाग', म्हणजे पुस्तकांच्या सूचीनोंदी करणारा विभाग, असा फलक आमच्याकडे आहे. प्रत्यक्षात तो विभाग म्हणजे खिडकीजवळचे एक लांब टेबल, एक संगणक, शिक्क्यांचा डबा आणि मी. पुरवठादाराकडून पुस्तक आल्यापासून ते वाचकाच्या हाती पडेपर्यंत जे जे करावे लागते, म्हणजे बिलाशी ताडून पाहणे, दाखल नोंद, शिक्के, वर्गीकरण, तालिकीकरण, बारकोड, खिसा आणि कण्यावरचे लेबल, ते सारे याच टेबलावर होते. एका पुस्तकाला यासाठी अर्धा तासही लागत नाही. तरीही ते कपाटात जायला आमच्याकडे तीन-चार आठवडे जात असत, कारण उरलेले सगळे दिवस ते आपल्या पाळीची वाट पाहत गठ्ठ्यात पडून राही. तातडीच्या पुस्तकाची ही वाट पाहण्याची वेळ तेवढी वाचवायची असते, कामातली कोणतीही पायरी गाळायची नसते, हे उमगायला मला दोन चुका कराव्या लागल्या.

आमच्याकडची घाई दोन प्रकारची असते. एक मार्चची. अनुदान ३१ मार्चच्या आत खर्ची पडले पाहिजे म्हणून फेब्रुवारीत मागणीपत्रे जातात आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात नागपूरहून खोकी येऊन पडतात. सर्व पुस्तके तपासून घेतली असून दाखल नोंदवहीत अमुक ते तमुक क्रमांकांवर नोंदविली आहेत, असे प्रमाणपत्र ग्रंथपालांच्या सहीनिशी बिलावर आल्याखेरीज लेखा विभाग ते बिल हातात धरत नाही. त्या आठवड्यात आम्ही रविवारीही कामावर येतो. दुसरी घाई वाचकाची, आणि तिचा आवाज होत नाही. कुणी विद्यार्थी काउंटरपाशी येतो, "मॅडम, ते नवीन आलेलं पुस्तक भेटन काय?" असे विचारतो, आणि "अजून नोंद व्हायची आहे" एवढे ऐकून मुकाट्याने परत जातो. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सिद्धांतांची तसबीर आमच्या भिंतीवर आहे, दरवर्षी १२ ऑगस्टला, त्यांच्या जयंतीला, आम्ही तिच्याशेजारी हारही घालतो. त्यातला चौथा सिद्धांत वाचकाचा वेळ वाचवण्याचा आहे, आणि मी त्या तसबिरीकडे पाठ करून बसते.

पहिली चूक मार्चमधलीच. खोकी उघडत असतानाच एक प्राध्यापक आले, त्यांना हवे असलेले पुस्तक वरच दिसले, आणि उद्या व्याख्यान आहे म्हणून ते त्यांनी मागितले. मी एका कागदाच्या कपट्यावर त्यांचे नाव लिहून पुस्तक दिले. कपटा कुठे गेला हे देवास ठाऊक. बिल ११८ पुस्तकांचे होते आणि टेबलावर भरली ११७. पुरवठादाराने एक कमी पाठवले असावे असे गृहीत धरून मी नागपूरला फोन केला आणि त्या गृहस्थांशी, आज आठवले तरी ओशाळवाणे वाटावे, अशा सुरात बोलले. प्रमाणपत्रावर सही होईना, आणि त्या एका पुस्तकापायी बाकीच्या ११७ पुस्तकांचे बिल अडकून राहिले. ते पुस्तक जूनमध्ये परत आले. त्यावर ना शिक्का होता, ना दाखल क्रमांक. ते कुणी स्वतःचे म्हणून घरी ठेवून घेतले असते, तर आमच्याकडे दाखवायला काहीही नव्हते.

दुसरी चूक पहिलीवरच्या अतिरेकी उपायातून झाली. पुढच्या वेळी मी तातडीच्या पुस्तकावर आधी शिक्के मारले आणि मग ते उघडून पाहिले. छापील पुस्तक बहुधा सोळा-सोळा पानांच्या फॉर्म्यांचे बांधलेले असते, आणि बांधणीत एखादा फॉर्मा दोनदा लागतो नाही तर गळतो. त्या पुस्तकात ११२ व्या पानानंतर थेट १२९ वे पान होते. सदोष प्रत पुरवठादार एरवी विनातक्रार बदलून देतो. पण शिक्के मारलेली प्रत तो परत का घेईल? त्या सोळा पानांच्या छायाप्रती शेवटी दुसऱ्या ग्रंथालयातून मागवून चिकटवाव्या लागल्या.

यानंतर मी ग्रंथपाल सरांशी बोलून लाल चिठ्ठीची पद्धत सुरू केली. घोटीव लाल कागदाची बोटभर रुंद पट्टी. तिच्यावर मागणाऱ्याचे नाव, कोणत्या तारखेच्या आत हवे, आणि सरांची आद्याक्षरी. तारीख नसलेली चिठ्ठी मी घेत नाही, कारण 'लवकरात लवकर' ही तारीख नव्हे. एका वेळी टेबलावर पाचच लाल चिठ्ठ्या राहतील, हेही ठरले. सुरुवातीला काही प्राध्यापकांनी आपापली सगळीच पुस्तके तातडीची असल्याचे कळवले. सरांनी त्यांना पाचांपैकी कोणाची चिठ्ठी काढून आपली लावू, एवढेच विचारले, आणि तो प्रश्न तिथेच मिटला. पायऱ्यांचा क्रमही पक्का केला: प्रथम बिल आणि पाने, मग दाखल नोंद, मग शिक्का, मग संगणकात तोकडी नोंद, आणि मग पुस्तक वाचकाकडे. बाकीचे सारे पुस्तक परत आल्यावर करायचे, आणि ते राहून जाऊ नये म्हणून लाल चिठ्ठी पुस्तकातच ठेवायची.

या पद्धतीची खरी परीक्षा एका सप्टेंबरात झाली. मराठीच्या एम. ए.ची एक विद्यार्थिनी लघुप्रबंधासाठी वऱ्हाडी ओव्या आणि लोकगीतांवरचे एक पुस्तक दोनदा विचारून गेली होती. आमच्या संगणकीय तालिकेत ते नव्हते, म्हणून तिच्या मार्गदर्शकांनी मागणी नोंदवली होती आणि ते नुकतेच आले होते. ती तिसऱ्यांदा आली तेव्हा दुपारचा सव्वा वाजला होता. "मॅडम, शनिवारी जमा करायचं आहे जी. आज नाही भेटलं त मंग काही उपयोग नाही," असे म्हणून ती दाराशीच उभी राहिली. तिच्या गावची शेवटची एस. टी. पावणेपाचला सुटते. मी सरांची आद्याक्षरी घेऊन आले आणि परिचर भाऊंना खोके उघडायला सांगितले.

बिलातला अनुक्रम, किंमत, आवृत्ती यांवर खुणा करून मी सगळी पाने मोजली, आणि तेवढ्यात वीज गेली. इन्व्हर्टर आहे, पण त्याची बॅटरी काउंटरचा संगणक चालवते, माझा नाही. आमची दाखल नोंदवही अजून हाती लिहिलेली आहे याचा मला त्या दिवशी प्रथमच आनंद झाला. दिनांक, लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, वर्ष, पृष्ठे, किंमत, बिल क्रमांक असे सारे रकाने खिडकीच्या उजेडात भरले आणि दाखल क्रमांक शीर्षकपृष्ठाच्या मागे लिहिला. भाऊंनी शीर्षकपृष्ठावर, शेवटच्या पानावर आणि आमच्या ठरलेल्या गुप्त पानावर शिक्के मारले. (गुप्त पानाचा क्रमांक अर्थातच इथे लिहीत नाही.) बारकोडच्या छापील पट्ट्या मी शंभर-शंभरच्या आधीच काढून ठेवते, दाखल क्रमांक तोच बारकोड, त्यामुळे विजेवाचून तोही चिकटला.

वीज अडीचच्या सुमारास आली. आम्ही कोहा ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली वापरतो. न्यूझीलंडमधील लहान गावांच्या ग्रंथालयांसाठी ती तयार झाली, २००० साली वापरात आली, आणि तिला परवानाशुल्क नाही म्हणून आमच्यासारख्यांनाही परवडते. तिच्यात झटपट नोंदीसाठी 'फास्ट ॲड' नावाचा वेगळा साचा असतो, ज्यात ग्रंथनाम, लेखक, आयएसबीएन आणि बारकोड एवढे भरले तरी पुस्तक देता येते. तयार नोंद मिळाली तर आणखी बरे म्हणून मी अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयाच्या तालिकेत शोधले. तिथे मराठी पुस्तकांच्या नोंदी पुष्कळ आहेत, पण त्या रोमन लिपीत, अक्षरांच्या खाली-वर टिंबे-रेघा देऊन केलेल्या असतात. पुस्तकाची नोंद सापडली. विषयशीर्षके तिथून घेता येतील अशी खूण करून ठेवली, आणि ग्रंथनाम मात्र देवनागरीत स्वतः टंकले. आमचा एकही वाचक त्या टिंबा-रेघांनी पुस्तक शोधणार नाही.

वर्गांकाशी, म्हणजे पुस्तकाची कपाटातली जागा ठरवणाऱ्या विषयक्रमांकाशी, मी अडले. ड्यूई दशांश पद्धतीत लोकसाहित्याला ३९८ आणि मराठी कवितेला ८९१.४६१. ओवी ही जात्यावरची कविता म्हणावी की लोकपरंपरा? एरवी या प्रश्नावर मी अर्धा दिवस आनंदाने घालवला असता. तातडीच्या पुस्तकासाठी माझा नियम असा की आपल्या कपाटात अशी पुस्तके आजवर जिथे गेली आहेत तिथेच हेही जावे, आणि मुख्य विषय बरोबर असला की दशांशानंतरचे बारकावे परतीनंतर पाहावेत. मी ३९८ शिसपेन्सिलीने लिहिले. लेबल लावलेच नाही: पावसाळी हवेत डिंक वाळायला संध्याकाळ होते आणि ओले लेबल पिशवीतल्या दुसऱ्या पुस्तकाला जाऊन चिकटते. उन्हाळ्यात हेच काम पाच मिनिटांचे असते. तीन वाजून दहा मिनिटांनी पुस्तक तिच्या नावावर चढले. तिला एस. टी. मिळाली.

ते पुढच्या मंगळवारी, लाल चिठ्ठीसकट, परत आले. मी सावकाश पूर्ण नोंद केली, लेबल लावले, आणि भाऊंच्या हाती ते कपाटात ठेवायला दिले. भाऊ दोन मिनिटांत परत आले. त्यांच्या एका हातात ते पुस्तक होते आणि दुसऱ्या हातात तसलेच, जरा पिवळे पडलेले दुसरे. "मॅडम, हे त आपल्याकडं पहिलेचं आहे ना!"

मी त्या जुन्या प्रतीचा दाखल क्रमांक संगणकात घातला. नोंद होती, नाव तेच होते, 'वऱ्हाडी' हा शब्द डोळ्यांना तंतोतंत तसाच दिसत होता. तरीही 'वऱ्हाडी' असे टंकून शोधले की केवळ नवी प्रत समोर येई. कारण शोधायला मला दोन दिवस लागले. युनिकोडमध्ये हा रफारासारखा अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो: एक तर 'ऱ' या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, नाही तर साध्या 'र'ला हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. आमच्या जुन्या नोंदी पूर्वीच्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये बदलून घेतल्या होत्या आणि तो बदल करणाऱ्या आज्ञावलीने सर्वत्र दुसरा प्रकार वापरला होता. मी आणि विद्यार्थी पहिल्या प्रकारे टंकतो. मागणी पाठवण्यापूर्वी प्रत आपल्याकडे आहे का हे पाहण्याचे काम माझेच होते. मी ते पाहिले होते, आणि संगणकाने नाही म्हटल्यावर उठून कपाटापर्यंत गेले नव्हते. ती मुलगी तीन आठवडे ज्या पुस्तकासाठी हेलपाटे घालत होती, ते काउंटरपासून तीस पावलांवर होते.

मग ध्यानात आले की प्रश्न केवळ वऱ्हाडाचा नाही. 'शेतकऱ्यांच्या', 'शेतकऱ्यांसाठी' हे शब्दही त्याच अर्ध्या र चे. कापूस ६३३.५१ आणि संत्री ६३४.३१ यांची आमची कपाटे भरलेली आहेत, आणि त्यांतल्या कित्येक जुन्या पुस्तकांच्या नावात शेतकरी याच रूपात आहे. म्हणजे आमच्या भागात ज्या शब्दाने सर्वाधिक शोध व्हावा, त्याच शब्दाने ती पुस्तके सापडत नव्हती, आणि तक्रार कुणी केली नाही, कारण पुस्तक नाही असे उत्तर मिळाले की आमचा वाचक ते खरे मानतो.

जोडचिन्ह असलेल्या नोंदींची यादी काढली तेव्हा ती ६३ भरली. एकेक उघडून, प्रत्यक्ष पुस्तक समोर ठेवून, मी त्या दुरुस्त केल्या. यंत्राने सरसकट बदल करून घेण्याचा सल्ला मिळाला होता, पण मागच्या यंत्रबदलाचेच हे फळ असल्याने मी तो मानला नाही. त्याच फेरीत अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घाच्याही काही चुका निघाल्या. आता दर शनिवारी दुपारी मी फास्ट ॲडमधल्या अर्धवट नोंदींची यादी काढून ज्या पुस्तकांच्या लाल चिठ्ठ्या परत आल्या आहेत त्या पूर्ण करते, आणि मागणीपत्रावर सही होण्याआधी भाऊ कपाट पाहून येतात.

ती विद्यार्थिनी दिवाळीनंतर आली तेव्हा मी तिला जुनी प्रत दाखवून झाला प्रकार सांगितला. तिने ती उघडली, शेवटची देय-दिनांक चिठ्ठी पाहिली आणि हसली. त्या प्रतीवर एकच तारीख होती, नऊ वर्षांपूर्वीची. "मले दोन्ही प्रती पाहायच्या होत्या, आवृत्तीत फरक आहे काय ते," ती म्हणाली. फरक होता, नव्या आवृत्तीत ओव्या वाढल्या होत्या, पण जुन्या प्रस्तावनेतली दोन पाने गळली होती. दोन्ही प्रती मी तिच्या नावावर चढवल्या.