ताटीबाहेरची बहीण

कोथळीच्या जुन्या मंदिरातून मुक्ताईची पालखी निघाली. पंढरपूर गाठायला महिन्याहून जास्त चाल, आणि माझ्या डाव्या टाचेला पहिल्याच दिवशी फोड आला. दिंडीत ताटीचे अभंग सुरू होते. लोकांच्या बोलांनी दुखावलेले ज्ञानेश्वर ताटी लावून आत बसलेले आणि धाकटी बहीण बाहेरून विनवतेय. लहानपणापासून ऐकतोय, पण यंदा गळ्यातून शब्द फुटेना. आमच्या घरी ताटी मी लावली होती.

बहिणीनं नवापूरकडच्या ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं. भावकीच्या धाकानं आबांनी तिच्या नावानं आंघोळ केली. मुऱ्हाळी होऊन तिला आणायला जाणं माझं काम. तेरा आखाज्या, म्हणजे तेरा अक्षय्य तृतीया गेल्या, मी गेलो नाही. अंगणात झोका बांधताना आई तेवढी रडायची.

मग आबांना अर्धांगवायू झाला. भावकीतलं कोणी दोन दिवसांवर थांबलं नाही. आली ती बहिणीची सासू, निवृत्त नर्स. आबांच्या पाठीला पडलेल्या जखमा या मावशींनी सव्वा महिना धुतल्या. संध्याकाळी त्या लूकच्या शुभवर्तमानातली गोष्ट वाचायच्या. बाप जिवंत असताना वाटा मागून गेलेला, सगळं उधळून, डुकरं चारून परतलेला मुलगा. बाप त्याला लांबूनच बघतो आणि धावत सुटतो. मावशी सांगायच्या, "तिकडं मानाचा म्हातारा असा धावला तर गावात नाचक्की व्हायची, आबा. पण ह्यानं गावाकडं पाहिलंच नाही. पोरगा चुकलो म्हणायच्या आधीच त्याच्या गळ्यात पडला." चाकर म्हणून ठेव, असं म्हणायला आलेल्या पोराच्या पायात त्यानं जोडे घालायला लावले, हे वाचताना त्यांचा आवाज दर वेळी कापायचा.

आबांची वाचा गेली होती. ते चांगला हात उशीवर आपटत राहायचे. मला कळत होतं. तरी मी नवापूरची गाडी धरली नाही. आबांच्या अंत्ययात्रेला बहीण आली, रस्त्यावरच्या निंबाखाली उभी राहिली. तेव्हाही मी तिला हाक मारली नाही.

पहिल्या मुक्कामी फोन लावला. काय बोलायचं ते दिवसभर जुळवलं होतं.

"दादा? पाय दुखतात का रे?"

जुळवलेलं सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, "आषाढी झाली की घरी न जाता आधी तुझ्याकडे येतो. मुऱ्हाळी."

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग, "येजो."

मागून मावशींचा आवाज आला, "फोड उघडा ठेवू नको म्हणावं त्याला."