आमची वाटचाल : बेंचवरच्या तीन रात्री

आमच्या दुकानात नवी हार्ड डिस्क मागितली तर ती त्याच दिवशी हातात पडत नाही, ही तक्रार मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आमच्याबद्दल गेली कित्येक वर्षे होत आली आहे आणि ती खरी आहे. पाऊच फोडल्यापासून गिऱ्हाइकाच्या पिशवीत जाईपर्यंत प्रत्येक डिस्क आमच्या बेंचवर साधारण तीन रात्री काढते. या सवयीमुळे आमचे नाव झाले आणि याच सवयीवरून एकदा आम्हाला चोरही ठरवण्यात आले.

रस्त्याचे कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. बिलावर आम्ही तेच छापतो, पण त्या नावाने विचारत आलेले गिऱ्हाईक मला आजवर भेटलेले नाही. पहिल्या मजल्यावरच्या गाळ्यात मी आणि बापूंनी भागीदारीत सुरुवात केली, तेव्हा डिस्कची क्षमता जीबीत, तीही एका आकड्यात सांगितली जात असे. बापू रेडिओदुरुस्तीतून या धंद्यात आलेले, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. बेंच त्यांनीच बनवला. जुन्या दाराची फळी, तिच्यावर उघडी एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, तिच्या कनेक्टरमधली हिरवी आणि काळी तार जोडणारी एक वाकवलेली कागदाची क्लिप, आणि डिस्कखाली घालायला सायकलच्या ट्यूबचे तुकडे. फळी आजही तीच आहे. बाकी सगळे दहादा बदलले.

नवी डिस्क कशाला तपासायची, कंपनी तपासूनच पाठवते, असे मी सुरुवातीला म्हणत असे. त्यावर बापू म्हणायचे, "कंपनीने तपासली ती कारखान्यात. त्यानंतर ती जहाजातून, ट्रकमधून आणि शेवटी हमालाच्या डोक्यावरून आली. ते कोणी तपासलं?" शिवाय डिस्क एक तर पहिल्या काही आठवड्यांत दगा देते, नाही तर पुढे काही वर्षे निमूट चालते, हे या धंद्यात असलेल्या प्रत्येकाने पाहिलेले आहे.

आमची पद्धत गुप्त नाही. डिस्क लावताच आधी स्मार्टची नोंद, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची स्वतःच ठेवते ती, उतरवून घ्यायची, मग डिस्कची स्वतःचीच दोन मिनिटांची छोटी चाचणी, मग लिनक्सवर बॅडब्लॉक्स नावाच्या प्रोग्रॅमने सगळी डिस्क लिहून वाचायची, आणि शेवटी डिस्कची लांब चाचणी लावून पुन्हा नोंद घ्यायची. बॅडब्लॉक्स चार नमुने लिहितो : एकाआड एक बिट, मग त्याच्या उलट, मग सगळे एक, मग सगळी शून्ये. प्रत्येक नमुना लिहून परत वाचला जातो, म्हणजे डिस्कच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकूण आठ फेऱ्या होतात. चार टीबीची डिस्क सरासरी सेकंदाला दीडशे एमबीच्या वेगाने चालली, तर एका फेरीला सात-साडेसात तास आणि आठ फेऱ्यांना साठ तास लागतात. लिहिण्याचा आग्रह यासाठी की कच्चा सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या जागेचा लहानात लहान तुकडा, वाचताना डिस्क त्याला नुसता 'पेंडिंग' म्हणून बाजूला ठेवते. तो खरोखर बाद करून राखीव जागेतला दुसरा द्यायचा की नाही, याचा निर्णय ती त्या जागेवर पुन्हा लिहिले गेले तरच घेते. नुसते फॉर्मॅट केले की काम झाले, असे समजणाऱ्यांसाठी सांगतो : क्विक फॉर्मॅट फाइलींच्या यादीपुरतेच लिहितो, आणि विंडोज एक्सपीचा फुल फॉर्मॅटसुद्धा सेक्टर केवळ वाचून पाहत असे. शून्ये लिहिण्याचे काम व्हिस्टापासून सुरू झाले.

नोंदीत पाच (बाद करून बदललेले सेक्टर), १९७ (पेंडिंग सेक्टर) आणि १९८ (वाचताच न आलेले सेक्टर) या क्रमांकांपुढचे तीन आकडे तपासणीनंतरही शून्यच राहिले पाहिजेत. नव्या डिस्कवर त्यांतला एक जरी हलला तरी आम्ही ती परत पाठवतो, मग डीलर कितीही कुरकुरो. १९९, म्हणजे केबलमधून येता-जाताना झालेल्या चुकांचा आकडा, वाढला तर मात्र डिस्कला दोष देण्याआधी केबल बदलून पाहावी. बापूंनी अशा कितीतरी निर्दोष डिस्क वाचवल्या आणि वाईट केबल मधोमध कापून टाकल्या, कारण न कापलेली केबल दुसऱ्या दिवशी पुन्हा बेंचवर येते, असा त्यांचा अनुभव होता.

एवढे सगळे माहीत असूनही आम्ही बुडता बुडता वाचलो, आणि त्याला मीच कारण होतो.

२०११ साली थायलंडमध्ये पूर आला, आयुथाया भागातले कारखाने पाण्याखाली गेले आणि महिन्याभरात आमच्या रस्त्यावर डिस्क मिळेनाशी झाली. भाव सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा. एक डिस्क तीन दिवस बेंचवर अडकवणे म्हणजे दारात आलेले गिऱ्हाईक समोरच्या गाळ्यात पाठवणे, असा हिशोब मी मांडला आणि बापू गावाला गेलेले असताना दोन टीबीच्या दहा डिस्कचा खोका तपासणी न करता विकायला काढला. खोक्याचा एक कोपरा चेपलेला होता. तो मी पाहिला होता, हे आज कबूल करतो.

त्यांतली एक डिस्क लालबागच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडे गेली. त्यांनी अकरा लग्ने तिच्यावर उतरवली आणि कार्डे पुसून पुढच्या लग्नांना वापरली. सातव्या आठवड्यात डिस्कमधून टक टक असा आवाज येऊ लागला आणि ती ओळखली जाईना. वॉरंटीत कंपनीने बदली डिस्क दिली. तीही दुरुस्त केलेली होती, आणि लग्ने वॉरंटीत बसत नाहीत. डेटा काढून देणाऱ्यांचे बिल आम्ही भरले. त्यासाठी गाळ्याच्या डिपॉझिटकरता बाजूला ठेवलेली मुदतठेव मोडावी लागली. अकरांपैकी सात लग्ने परत मिळाली. उरलेल्या चार घरांना तोंड दाखवायला त्या फोटोग्राफरबरोबर मी स्वतः गेलो. त्यांतल्या एका मुलीच्या वडिलांचे लग्नानंतर महिन्याभरात निधन झाले होते. त्या घरात मला चहा दिला गेला. तो चहा मला अजून आठवतो.

बापूंनी गावाहून परत आल्यावर एक शब्द उच्चारला नाही. गिऱ्हाइकांना फोन करून खोक्यातल्या उरलेल्या नऊ डिस्क परत मागवल्या आणि बेंचवर लावल्या. तीन लिहिण्याच्या पहिल्याच फेरीत पडल्या. लग्नाचे फोटोग्राफर एकमेकांना ओळखतात, त्यामुळे त्या हंगामात आमच्याकडे त्यांतले कोणी फिरकले नाही आणि गाळ्याचे भाडे चार महिने थकले.

ते फिटले. पुढची काही वर्षे चांगली गेली.

दुसरा प्रसंग २०१६ च्या सुमाराचा. जिन्यासमोरच्या गाळ्यात एक नवा दुकानदार आला. डिस्क आमच्यापेक्षा तीनशे रुपयांनी स्वस्त आणि पाच मिनिटांत हातात. त्याने आमच्या एका गिऱ्हाइकाची चार टीबीची डिस्क क्रिस्टलडिस्कइन्फो या स्मार्टची नोंद दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून दाखवली : पॉवर ऑन अवर्स, म्हणजे डिस्क चाललेले तास, ६८. "नवी म्हणून जुनी खपवली तुम्हाला." आता साठ तास बॅडब्लॉक्सचे आणि आठ तास लांब चाचणीचे, हा हिशोब आमच्या रस्त्यावर कोणालाही बोटांवर करता आला असता. कोणी केला नाही. ज्यांना मी अडीअडचणीला केबल आणि रॅम उधार दिली होती, तेही जिन्यात उभे राहून ऐकत राहिले. एका ऑफिसची वीस डिस्कची ऑर्डर रद्द झाली.

आम्हाला सोडवले ते गिरगावातल्या ताईंनी. त्या घरून डीटीपीचे काम करतात, श्रावणापासून दिवाळी अंकांची पाने लावत बसतात आणि आमच्याकडे पहिल्या वर्षापासून येतात. त्यांना प्रत्येक कागद फाइलला लावायची सवय असल्यामुळे बापू त्यांना डिस्कबरोबर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी देत : आधीचे तास, नंतरचे तास, पाच, १९७, १९८. बाकीच्यांनी ती मागितली नाही आणि आम्ही दिली नाही, ही चूक आमचीच. ताई त्या सगळ्या चिठ्ठ्यांची फाइल घेऊन थेट समोरच्या गाळ्यात गेल्या आणि म्हणाल्या, "जुनी विकणारा माणूस तास स्वतःच्या हाताने लिहून देईल का हो?" त्याने काय उत्तर दिले, ते मला नीट ऐकू आले नाही. त्या आठवड्यापासून आमची चिठ्ठी छापील झाली.

याच संदर्भात एक सांगून ठेवतो. तासांचा आकडा शून्य दिसला म्हणून डिस्क नवी असतेच असे नाही. तो आकडा पुसता येतो आणि पुसलेला मी पाहिला आहे. कोणाच्या डिस्कवर, ते लिहीत नाही. स्क्रूच्या भोकांतल्या आट्यांवर ओरखडे आहेत का आणि साटाच्या, म्हणजे केबल जोडायच्या, सोनेरी पट्ट्यांवर रेघा उमटल्या आहेत का, हे भिंगातून पाहावे. काही कंपन्यांच्या डिस्कमध्ये स्मार्टशिवाय आणखी एक आतली नोंद असते, तीही वाचून घ्यावी, कारण पुसणाऱ्याचा हात बहुधा तिथवर पोहोचलेला नसतो.

बापू आता सावंतवाडीला असतात. अठरा टीबीच्या डिस्कला बॅडब्लॉक्समध्ये ४०९६ बाइटचा ब्लॉक, म्हणजे मोजणीचा तुकडा, पुरत नाही, ८१९२ द्यावा लागतो, हे मी त्यांना फोनवर सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, की खाली ट्यूबचे तुकडे घातलेस ना.

आज बेंचवर ताईंची आठ टीबीची डिस्क आहे. त्यांना ती शुक्रवारी हवी होती, मी सोमवार सांगितला आहे. समोरचा गाळा अजून चालू आहे, आणि त्याच्या दारावर अलीकडे 'टेस्टेड डिस्क मिळतील' अशी पाटी लागली आहे. चिठ्ठी मात्र तो देत नाही. काल एक तरुण आमची छापील चिठ्ठी वाचून म्हणाला, "काका, हिच्यावर ६८ तास चाललेले दिसतात, मग थोडं कमी नाही का करणार?" मी कमी केले नाही.