पहिल्या दोन फेऱ्यांत मी हात आखडता का घेतो

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. गेल्या दोन मोसमांत हा प्रश्न आपल्या संगणकावरच्या मोटारशर्यतींच्या संघातल्या जवळजवळ प्रत्येकाने मला कधी ना कधी विचारला आहे. कुणी शर्यत संपल्यावर हेडसेटवर, कुणी दुसऱ्या दिवशी लेखी, आणि एकाने तर शर्यत चालू असतानाच. क्वालिफाइंगला, म्हणजे सुरुवातीच्या जागा ठरवणाऱ्या सत्रात, तिसरा-चौथा येणारा माणूस पहिल्या दोन फेऱ्यांत तीन-चार जागा का सोडून देतो? ‘टायर गरम व्हायचे असतात’ हे एकच उत्तर मी आजवर देत आलो. ते खोटे नाही, पण पुरेसेही नाही, आणि अर्धे उत्तर पुन्हा पुन्हा देऊन मी थकलो आहे.

थंड टायरला पकड कमी असते हे तुम्हाला सांगायला नको. आपण सगळे ‘असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने’ या संगणकावरच्या शर्यतीच्या खेळात जीटी३ वर्गातल्या त्याच गाड्या चालवतो, टायरमधल्या हवेचा दाब २६ ते २७ पीएसआयच्या दरम्यान बसावा म्हणून शुक्रवारी रात्री तेच सेटअप घासत बसतो, आणि फॉर्मेशन लॅपनंतर, म्हणजे शर्यतीआधीच्या संथ फेरीनंतर, हिरवा दिवा लागतो तेव्हा आकडे त्याहून दोन पीएसआयने खाली असतात हेही आपल्याला ठाऊक असते. पण पकड कमी असणे ही माझी अडचण नाही. पावसात ती याहून कमी असते आणि पावसात मी कुणाला जागा देत नाही, हे तुम्ही पाहिले आहे. पावसात पकड कमी आहे हे निदान ठरलेले असते. पहिल्या फेरीला ती प्रत्येक वळणाला वेगळी असते, चारही टायरांना वेगळी असते, आणि किती आहे हे मला कळते तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

हे कळणे म्हणजे काय, याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण वाद खरा तिथेच आहे. खऱ्या गाडीत मागची बाजू सुटू लागली की ते आधी पाठीला आणि कमरेला कळते. आपल्या खुर्च्या जमिनीला खिळलेल्या असतात, त्यामुळे आपल्याकडे उरतात ते डोळे, कान आणि स्टीअरिंग धरलेले दोन हात. टायर वळणात जातो तेव्हा तो ज्या दिशेला तोंड करून असतो आणि प्रत्यक्षात ज्या दिशेला सरकत असतो, त्या दोन दिशांत थोडा कोन पडतो. त्यालाच आपण स्लिप अँगल म्हणतो. हा कोन वाढेल तशी पकड वाढत जाते, शर्यतीच्या टायरला साधारण ६ ते १० अंशांच्या दरम्यान कुठेतरी ती शिखर गाठते आणि त्यानंतर उतरू लागते. डेल्फ्टच्या विद्यापीठातले हान्स पाचेय्का यांनी टायरच्या या वागण्याला जे गणिती सूत्र दिले, ते वाहन-अभियंते ‘मॅजिक फॉर्म्युला’ या नावाने ओळखतात, आणि त्याचा आलेख डोळ्यासमोर आणला तर हा चढ आणि हा उतार दोन्ही दिसतात.

त्या आलेखाशेजारी दुसरा एक आलेख असतो, आणि माझ्या मते आपल्यासारख्यांनी तो आधी शिकावा. स्टीअरिंगला सरळ करू पाहणारा जो जोर हाताला लागतो, तो पकडीच्या शिखरापर्यंत वाढत जात नाही. त्याचे शिखर पकडीच्या शिखराच्या अलीकडेच येऊन जाते. टायरचा जमिनीला टेकलेला भाग मागच्या अंगाने आधी घसरू लागतो, त्यामुळे पकड अजून वाढत असतानाच स्टीअरिंग हातात हलके पडते. हे हलके पडणे म्हणजे टायरने आधीच दिलेली सूचना असते. ती ऐकून जो हात तिथेच थांबवतो त्याची गाडी वळणात टिकते. ‘गाडी वळत नाही’ असे समजून जो स्टीअरिंग आणखी फिरवतो, तो शिखर ओलांडून पलीकडच्या उतारावर जातो.

मी आणखी फिरवले होते.

बेल्जियममधला स्पा-फ्रँकोरशाँ ट्रॅक, मोसम संपायला तीन शर्यती बाकी, एक तासाची शर्यत. मी तिसऱ्या जागेवरून निघालो. सात किलोमीटरच्या त्या ट्रॅकवर पूहॉन या वळणापर्यंत पोचेतो गाडी बहुतेक उजवीकडेच वळत आलेली असते. ला सूर्स उजवे, ओ रूजनंतरचा मोठा चढ मुख्यतः उजवा, मालमेदी उजवे, रिव्हाजचे उताराचे लांब वळण उजवे. म्हणजे भार येतो तो डाव्या बाजूच्या टायरांवर, आणि उजव्या बाजूचे टायर त्या मानाने थंडच राहतात. मग उतारावर, वेगात, लांबलचक असे पूहॉन येते, आणि ते डावे असते. पहिल्या फेरीत उजव्या टायरांकडे पहिले मोठे काम तिथे येते. हे मला त्या दिवशीही माहीत होते. आदल्या आठवड्यात एका नव्या मुलाला मीच ते समजावून सांगितले होते.

समोरच्या गाडीच्या मी अगदी शेपटाला लागून होतो. वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास. इतक्या जवळून जाताना समोरच्या गाडीने ढवळलेल्या हवेत पुढच्या भागावरचा दाब कमी होतो आणि गाडी बाहेर ओढली जाते. तशी ती ओढली गेली. माझ्या उजव्या हाताला, बाहेरच्या बाजूने, एक जण माझ्या बरोबरीने वळणात शिरला होता. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. आखातात नोकरी, रात्रपाळी संपवून थेट शर्यतीला बसणारे, गुणतक्त्यात पहिले, आणि ज्यांच्या शेजारून निर्धास्त जावे असे लीगमध्ये जे तीन-चार जण होते त्यांतले एक. माझी गाडी त्यांच्याकडे सरकते आहे हे दिसल्यावर मी स्टीअरिंग आणखी आत फिरवले. ते हलके पडले. मी अजून फिरवले. गाडी तरीही बाहेरच जात राहिली, तेव्हा मी घाबरून अॅक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला.

पुढे काय होणार हे कागदावर मला कुणीही विचारले असते तर मी सांगितले असते. पाय उचलताच गाडीचा भार पुढच्या चाकांवर आला, घसरणाऱ्या त्या चाकांना अचानक पकड मिळाली, आणि ती चाके गरजेपेक्षा कितीतरी जास्त वळलेली होती. मागचे टायर त्याच क्षणी हलके झाले. गाडी गर्रकन आत फिरली, मी उलटे स्टीअरिंग मारले, मागच्या टायरांनी पुन्हा पकड घेतली, आणि गाडी गोफणीतून सुटावी तशी उजवीकडे गेली. दादांच्या गाडीला मी मागच्या डाव्या चाकापाशी धडकलो. दोघेही बाहेरच्या कठड्यावर आदळलो, मागून येणाऱ्या एकाला मधे फिरलेली माझी गाडी चुकवता आली नाही, आणि शर्यत सुरू होऊन दीड मिनिटात तिघांची संध्याकाळ संपली. त्या वर्षीचे विजेतेपद दादांना शेवटी सात गुणांनी हुकले.

त्या रात्री मी स्टुअर्डांना, म्हणजे शर्यतीच्या पंचांना, जे लांबलचक निवेदन पाठवले, ते अजून माझ्याकडे आहे आणि मी ते अधूनमधून वाचतो. टायर थंड होते असे मी लिहिले. समोरच्याने नेहमीपेक्षा आधी पाय उचलला असे लिहिले. माझे पिंग, म्हणजे इंटरनेटवरून माहिती जाऊन परत यायला लागणारा वेळ, १३० मिलिसेकंद होते असेही लिहिले, आणि त्या वेगाने तेवढ्या वेळात गाडी जवळजवळ सात मीटर जाते हा हिशेब मांडून दाखवला. यातला प्रत्येक आकडा बरोबर होता. पण समोरच्याने स्वतःच्या संगणकावरचा रिप्ले दिला, तेव्हा त्याने रोजच्याच ठिकाणी पाय उचललेला दिसला. पडद्यावर दिसणारी दुसऱ्याची गाडी हा संगणकाने बांधलेला अंदाज असतो, हे जर मला माहीत होते, तर त्या अंदाजाच्या दोन मीटर मागे राहण्याचा निर्णय कुणाचा होता? स्टुअर्डांनी पुढच्या शर्यतीला पिट लेनमधून, म्हणजे सगळ्यांच्या मागून, सुरुवात करण्याची शिक्षा दिली. ती मला तेव्हा अन्यायाची वाटली, आणि खरे सांगायचे तर थोडीशी अजूनही वाटते, कारण त्याच मोसमात त्याहून ढळढळीत चुकांना नुसती ताकीद मिळाली होती.

दादांनी तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा एक निरोप आला: “टायर थंड आहेत हे मला माहीत होतं, म्हणूनच मी बाहेरून जागा सोडून चाललो होतो. तुला माहीत नव्हतं का?” मी उत्तर दिले नाही. त्या मोसमानंतर ते परत आले नाहीत. ते त्या अपघातामुळे की नोकरीमुळे, हे मी त्यांना विचारलेले नाही.

टेलिमेट्री, म्हणजे गाडीच्या हालचालींची आकड्यांतली नोंद, मी दोन आठवड्यांनी उघडली. स्टीअरिंगच्या कोनाची रेघ चढत गेलेली आहे आणि तिच्याखाली बाजूच्या जोराची रेघ आधी सपाट आणि मग किंचित उतरती आहे. म्हणजे मी फिरवत होतो आणि टायर आणखी काही देत नव्हता. जोर सपाट झाल्यापासून मी पाय उचलेपर्यंत चार दशांश सेकंद गेले आहेत, आणि त्या वेगाने तेवढ्यात गाडी एकवीस मीटर जाते.

इथे मी स्वतःची एक बाजू मांडणार आहे, आणि ती पळवाट वाटली तरी चालेल. तेव्हा माझ्या स्टीअरिंगचा फोर्स फीडबॅक, म्हणजे त्यातली मोटर हाताला देते तो जोर, इतका चढा होता की वेगाच्या वळणात मोटर आपल्या कमाल मर्यादेला जाऊन टेकायची. मोटरच मर्यादेला टेकली की त्यावरचे चढउतार हाताला पोचत नाहीत. सगळे एकसारखे जड लागते. म्हणजे टायरने सूचना दिली तेव्हा तिची सुरुवात माझ्या हातापर्यंत आलीच नसणार. मला जे हलके लागले ते बऱ्याच नंतरचे. हे सगळे खरे आहे. पण तो फीडबॅक तसा चढवला होता मीच. जड स्टीअरिंग म्हणजे खरी गाडी अशी माझी समजूत होती, आणि पडद्यावरची फीडबॅकची पट्टी वळणावळणाला टोकाला जाताना मी महिनोन्महिने पाहत होतो. आता मी तो ९० वरून ६५ वर आणला आहे. स्टीअरिंग हलके लागते, दंड कमी दुखतात, आणि टायरची सूचना पूर्वीपेक्षा लवकर कळते. पण ही सुधारणा मुख्यतः गरम टायरांच्या बाबतीत झाली आहे. थंड टायरचे शिखर कुठे आहे हे हाताला अजूनही त्याच्या जवळ गेल्याशिवाय समजत नाही, आणि पहिल्या फेरीला तिथे मी एकटा नसतो.

म्हणून मी हात आखडता घेतो. दोन मीटरऐवजी सात-आठ मीटर अंतर ठेवतो, स्टीअरिंग ठरवलेल्या कोनापुढे फिरवत नाही, आणि गाडी तरीही बाहेर गेली तर तिला जाऊ देतो, म्हणजे अर्थातच जागा जाते. यात संघाचे गुण जातात हे मला कळते. मागच्या मोसमात संघ चौथा आला आणि तिसऱ्याशी फरक अकरा गुणांचा होता. ते अकरा गुण माझ्या पहिल्या फेऱ्यांमध्ये शोधले तर सापडतील.

माझी बाजू इथेच संपली असती, पण मध्यंतरी आपल्या संघातल्या त्या एकोणीस वर्षांच्या मुलाने मला त्याची टेलिमेट्री पाठवली. तोही स्पाची पहिली फेरी, तोही गर्दीत, तेवढ्याच थंड टायरांवर. तो ब्रेक माझ्याहून जरा आधी लावतो, पण सोडतो अतिशय हळूहळू, त्यामुळे भार पुढच्या चाकांवर टिकून राहतो आणि वळणात शिरताना त्याला माझ्यापेक्षा कमी स्टीअरिंग पुरते. पूहॉनच्या मध्यावर त्याचा वेग माझ्या आताच्या वेगापेक्षा ताशी नऊ किलोमीटरने जास्त आहे, आणि त्याच्या स्टीअरिंगच्या रेघेत एकही धक्का नाही. म्हणजे थंड टायरची मर्यादा आंधळेपणाने चाचपडावी लागते, हे माझे म्हणणे निदान त्याच्या बाबतीत खोटे ठरते. त्याला ती कळते. कशी, असे मी त्याला विचारले, तर तो म्हणाला, “काका, पहिल्या दोन-तीन वळणांतच गाडी सांगते की.” मला ती सांगत नाही, की सांगते आणि मी पूहॉनच्या भीतीने ऐकत नाही, हे मला आजही ठरवता आलेले नाही. काही रात्री मी एकटाच थंड टायरांवर तिथे सराव करतो. एकटा असताना मी त्याच्या वेगापासून तीन किलोमीटरवर येतो. शेजारी गाडी आली की पुन्हा नऊ.

येत्या रविवारी पुन्हा स्पा आहे. मी पूर्वीसारखाच चालवणार आहे की नाही हे मला आत्ता सांगता येत नाही, पण माझ्या मागून येणाऱ्यांसाठी एवढे लिहून ठेवतो: पहिल्या फेरीला पूहॉनमध्ये शिरताना मी तुमच्यापेक्षा साधारण दहा मीटर अलीकडे पाय उचलतो, सावकाश उचलतो, आणि बाहेरच्या बाजूला एका गाडीची जागा रिकामी ठेवतो. त्या जागेतून खुशाल पुढे जा.