जुन्या डब्यात नवी डिस्क

आपला कॉम्प्युटर जुना झालाय हे आपल्याला कायम दुसऱ्याच कुणाकडून तरी कळतं, आपल्याला तर तो परवाच घेतल्यासारखा वाटत असतो. आमचा डेस्कटॉप म्हणजे कोअर टू ड्युओ, जी ३१ चिपसेटचा बोर्ड, डीडीआर टू रॅम, विंडोज सेव्हन आणि आत १६० जीबीची हार्ड डिस्क. इतक्या वर्षांत त्याची तक्रार एकच, जागा संपली. आता संपणारच ना, घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमधले फोटो त्यात, लग्नांचे व्हिडिओ त्यात, शिवाय दर जानेवारीला आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या नंदीध्वजांचं शूटिंग (तेच सात नंदीध्वज, तोच रस्ता, तीच गर्दी, तरी दरवर्षी नवीन शूट करायचं म्हणजे करायचं). शेवटी ड्राइव्हची पट्टी लाल झाली ती झालीच.

आमचा रिपेरीवाला अण्णा म्हणाला, "कशाला ह्याला खर्च करालाय सर, नवीनच घेऊन टाका की." हा सल्ला मला पटत नाही. हिशोब, पत्रं, स्कॅनिंग, जुनी गाणी, सगळं व्यवस्थित चाललंय, फक्त कपाट भरलं म्हणून घर कोण बदलतं? म्हणून ४ टीबीची डिस्क घेतली. मग सगळे विचारायला लागले की एवढी नवी डिस्क ह्या म्हाताऱ्याला चालणार का?

चालते. का चालते ते कळायचं असेल तर सोलापुरात कुठल्याही कापडाच्या दुकानात पाच मिनिटं उभं राहून बघा. गिऱ्हाईक तेलुगूत बोललं की मालक तेलुगूत सुरू, अक्कलकोटकडचं कुणी आलं की कन्नडात, आपण गेलो की मराठीत. साटाचं, म्हणजे डिस्क बोर्डाला जोडायच्या पद्धतीचं, तसंच आहे. २००३ मध्ये पहिलं साटा आलं ते सेकंदाला दीड गिगाबिटचं, मग तीनचं आलं, २००९ मध्ये सहाचं आलं, पण डेटाच्या केबलचं टोक तेच राहिलं. डिस्क आणि बोर्ड सुरुवातीलाच एकमेकांना सिग्नल पाठवून चाचपतात आणि दोघांनाही जमेल त्यातल्या सगळ्यात वरच्या स्पीडवर ठरवून टाकतात. माझा बोर्ड तीनवाला, डिस्क सहावाली, तर डिस्क मुकाट्यानं तीनवर आली. सुरुवातीच्या काळातल्या काही चिपसेटना ही बोलणी जमायची नाहीत, तेव्हा डिस्कच्या मागं एक इवलासा जंपर (दोन पिना जोडणारी टोपी) लावून तिला दीडवरच बसवायला लागायचं, पण ती पिढी माझ्या बोर्डाच्याही आधीची.

आणि तीनवर आली म्हणून बिघडलं काय? फिरत्या तबकडीची डिस्क कितीही जोर लावला तरी सेकंदाला साधारण दीडशे ते अडीचशे एमबी देते आणि तीनच्या साटातून तीनशेच्या आसपास जाऊ शकतात, म्हणजे रस्ता अजून रिकामाच. एसएसडी, म्हणजे तबकडी नसलेली चिपवाली डिस्क, लावली असती तर मात्र तिचा निम्मा वेग वाया गेला असता, तरी जुन्या मशीनवर तीसुद्धा वाऱ्यासारखी पळते हेही खरं.

मला खरी गंमत वाटली ती सेक्टरची, म्हणजे डिस्क ज्या लहान तुकड्यांत लिहिते त्यांची. आजच्या डिस्क आतमध्ये ४०९६ बाइटचे तुकडे करून लिहितात, पण जुन्या सिस्टिमना ५१२ चीच सवय, म्हणून डिस्क बाहेर सांगताना ५१२ च सांगते आणि आतल्या आत हिशोब जुळवत बसते. विंडोज एक्सपी मात्र पार्टिशन (डिस्कचा पाडलेला भाग) ६३ व्या सेक्टरपासून सुरू करायची, ६३ ला आठनं भाग जात नाही, त्यामुळे प्रत्येक तुकडा दोन घरांत विभागून पडायचा आणि लिहिणं रेंगाळायचं. सेव्हन बरोबर १ एमबीपासून सुरू करते, प्रश्न मिटला. म्हणजे बघा, घरातली मोठी माणसं उठता बसता म्हणतात की नव्यांना जमवून घेता येत नाही, आणि कॅबिनेटमध्ये सगळं जमवून घेणं नव्याकडंच.

तर कॅबिनेट उघडलं. आम्ही पूर्व भागात राहतो, आजूबाजूला यंत्रमाग, त्यामुळे आमच्याकडं धूळ नुसती धूळ नसते, तिच्यात सुताचं तूस असतं. सीपीयूच्या फॅनखाली हीट सिंकच्या पात्यांमध्ये ते इतकं घट्ट बसलं होतं की बोटानं धरून ओढलं तर सलग पट्टीच निघाली, करड्या रंगाची, मध्ये एक लाल धागा, कुणाच्या तरी चादरीचा असणार. मे महिन्यात इथं पारा ४३ च्या वर जातो, त्यात ह्या पट्टीनं हवा अडवली तर डिस्कनं काय करावं? आधी ब्लोअर मारून घेतला. हे काम डिस्क लावण्यापेक्षा मोठं निघालं.

स्क्रूचं मात्र सांगितलंच पाहिजे. साडेतीन इंची डिस्कला जाड आट्यांचे स्क्रू लागतात आणि सीडी ड्राइव्हला बारीक आट्यांचे, दोन्ही दिसायला सारखेच, आणि घरातल्या डबीत दोन्ही एकत्र. बारीकवाला डिस्कला लावला की तो नुसताच फिरत राहतो. पॉवरसाठी एसएमपीएसला (पॉवर सप्लायच्या डब्याला) मोकळं साटा टोक नव्हतं, चार पिनांचं जुनं मोलेक्स होतं, म्हणून कन्व्हर्टर लावला. इथं पाच-दहा रुपयांकडं बघू नये. एकाच साच्यात प्लास्टिक ओतून बंद केलेली टोकं येतात, त्यात आतल्या तारा एकमेकींना चिकटून शॉर्ट होतात, जळल्याची उदाहरणं भरपूर आहेत. प्रत्येक वायर वेगळी दाबून बसवलेली दिसते तसलं टोक घ्यावं.

चालू केलं तर बायोसनं (कॉम्प्युटर चालू होताना सगळ्यात आधी जागा होणारा बोर्डावरचा प्रोग्राम) ४ टीबीची डिस्क १८०० जीबीची म्हणून दाखवली. माझा भाचा बाजूलाच होता, म्हणाला, मामा, फसवलं तुम्हाला. फसवलं कुणी नाही. ३२ बिटांत जेवढे सेक्टर मोजता येतात तेवढे ५१२ बाइटचे धरले की २२०० जीबी होतात, त्याच्या पुढं बायोसचा आकडा शून्यावर येऊन परत सुरू होतो, ४००० तून २२०० गेले, राहिले १८००. विंडोज सेव्हन बायोसला विचारत बसत नाही, ती डिस्कशी थेट बोलते. फक्त डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कच्या भागांची नोंद ठेवायच्या दोन पद्धती येतात, त्यातली जुनी एमबीआर न निवडता नवी जीपीटी निवडायची, नाहीतर तिथंही तोच २२०० चा अडसर. बूट मात्र जुन्या १६० वरूनच करायचं, ह्या जुन्या बायोसवर जीपीटीच्या डिस्कवरून विंडोज सुरू होत नाही. शेवटी ३.६३ टीबी दिसले. भाचा परत म्हणाला, आता तरी फसवलं ना? कंपनी हजारानं मोजते, विंडोज १०२४ नं, एवढंच ते.

१९५६ मध्ये आयबीएमची पहिली हार्ड डिस्क आली तिच्यात २४ इंची ५० तबकड्या होत्या आणि मावायची ५० लाख अक्षरं, म्हणजे जेमतेम आजच्या मोबाईलचा एक फोटो. हे भाच्याला सांगितलं तर तो हसला. पण आपल्या गावाला हे नवीन नाही खरं तर. मागावर नक्षी विणायची जॅकार्डची युक्ती १८०४ ची, पुठ्ठ्याला भोक असेल तर हुक दोरा उचलणार, नसेल तर नाही, अशा पुठ्ठ्यांच्या माळेत चादरीवरचा अख्खा मोर साठवलेला असतो. माळ जपून ठेवा, मोर परत विणा. हार्ड डिस्क तरी वेगळं काय करते?

दोन दिवसांनी अण्णाचा फोन. "सर, तुमच्याकडं जुनी पट्टीवाली डिस्क हाय का, आयडीई? एका कारखान्यात डिझाइनचा कॉम्प्युटर हाय, लई जुना, त्याला मोठी चालतच नाही बघा." आयडीई म्हणजे साटाच्या आधीची, रुंद चपट्या केबलची (तीच पट्टी) पद्धत. चालणार कशी, त्या बायोसला २८ बिटांच्या पुढं मोजता येत नसणार, म्हणजे १३७ जीबीला संपलं. तिथं नव्यानं कितीही जमवून घेतलं तरी उपयोग नाही, शिवाय सॉकेटच वेगळं. ड्रॉवरमध्ये माझी आधीच्या कॉम्प्युटरची ८० जीबीची पडून होतीच. देतो म्हटलं, पण त्यातलं सगळं आधी नव्या डिस्कवर ओतून घेतो. माझ्या बोर्डावर आयडीईचं एक सॉकेट अजून आहे, त्यावर सीडी ड्राइव्ह लावलाय, तो काढायचा, पट्टी ह्या डिस्कला लावायची आणि जंपर मास्टरवर (पट्टीवरची मुख्य डिस्क) आहे का तेवढं बघायचं. अण्णाला म्हटलं, येताना एक चांगली पट्टी घेऊन ये, माझी दुमडून दुमडून मधे चिरलीय.