छाट

निपाणीच्या आसपासच्या गावांत मी मनोविकारांच्या रुग्णांसाठी समुपदेशक म्हणून फिरते. लोकांना वाटतं, गोड बोलून धीर देणं एवढंच आमचं काम. प्रत्यक्षात निम्मा वेळ भाषेतच जातो. नैराश्य मोजायची प्रश्नावली कन्नडमध्ये छापलेली, समोरची बाई मराठी, आणि 'उदास' हा शब्द तिच्या तोंडी कधी आलेलाच नसतो. 'कशातच जीव लागंना झालाय काय?' असं विचारलं की मग ती बोलते. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण; बेरीज जितकी जास्त, तितकं नैराश्य जास्त. सीमेवरच्या तालुक्यांत हा कागद मराठीतही छापावा एवढं साधं काम अजून कुणाला सुचलेलं नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेला पूर आला, यमगर्णीजवळ हमरस्ताही पाण्याखाली गेला. त्या पुरात नदीकाठच्या एका मावशींच्या घराची मागची भिंत बसली. दिवाळीनंतर त्या माझ्याकडे आल्या तेव्हा २७ पैकी १७ गुण झाले. जीव नकोसा होतो का, या नवव्या प्रश्नाला त्या म्हणाल्या, "न्हाई. पोरगी हाय न्हवं अजून." मंगळवारी येणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या सुरू केल्या.

आणि मी त्यांना प्रशिक्षणात शिकलेला उपाय दिला: रोज रात्री दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी आठवायच्या. २००५ साली मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचा परिणाम सहा महिन्यांपर्यंत दिसला होता. पण त्यातली माणसं एका संकेतस्थळावर स्वतःहून आलेली होती. मावशींना गावातल्या आशा कार्यकर्तीने हाताला धरून आणलं होतं.

"चांगलं म्हंजे काय सांगू ताई? भित पडली ती अंगावर पडली न्हाई, ह्ये?"

त्या रागाने बोलल्या नव्हत्या, खरंच विचारत होत्या. मी उत्साहाने म्हणाले, "हो, हेच!" पुढचे दोन मंगळवार मावशी आल्या नाहीत. ते 'हो, हेच' मला आजही बोचतं. सगळी भावकी त्यांना 'चांगला इचार कर' म्हणत होती, त्यात मीही एक.

तिसऱ्या आठवड्यात मी घरी गेले. मांडीवर सूप घेऊन त्या एकट्याच आत बिड्या वळत बसल्या होत्या. भिजवलेलं पान पत्र्याच्या मापाने कापायचं, त्यात जर्दा भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा, टोक दुमडायचं. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा. ढिल्या, फाटक्या बिड्या ठेकेदाराचा माणूस बाजूला काढतो. ती छाट, तिचे पैसे मिळत नाहीत. छाटीतल्या बिड्याही पुढे विकल्या जातात असं बायका सांगतात, आणि मला ते ऐकून दर वेळी संताप येतो. शेजारीण म्हणाली, मावशींची छाट पूर्वी निघतच नव्हती. आता रोज मूठ मूठ निघत होती.

त्या दिवशी मी आनंदाचं नावही काढलं नाही. पुराआधी सकाळी काय करत होता, एवढंच विचारलं. "सूप घेऊन पारावर जायची, ह्या समद्यांसंगं." मग ठरलं: मन असो नसो, पारावर जायचं आणि एक कट्टा होईपर्यंत बसायचं. नको वाटलं तर उठून यायचं. मन बरं व्हायची वाट न बघता आधी हातापायांना वाटेला लावायचं, ही पद्धत मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी १९७० च्या दशकात मांडली. पहिल्या आठवड्यात मावशी दोनदा गेल्या, दुसऱ्या आठवड्यात चारदा.

दीड महिन्याने गुण ९ वर आले. गोळ्यांनी, पाराने, की मधल्या काळात जमा झालेल्या भरपाईच्या हप्त्याने? मला अजून वेगळं काढता येत नाही, आणि त्या ९ मध्ये मला बरं वाटावं म्हणून दिलेली उत्तरं किती, तेही कळत नाही.

पण त्याच दिवशी मी पारावर त्यांच्याशेजारी बसले होते. त्यांनी एक बिडी वळली, दोन बोटांत धरून दाबून पाहिली, कपाळाला आठी घातली. मग दोरा सोडला, पान उलगडलं, जर्दा सुपात झटकला आणि नव्याने वळायला घेतली.

"ढिली हुती," माझ्याकडे न बघताच म्हणाल्या.

प्रश्नावलीत यासाठी रकाना नाही. कागदाच्या कडेला मी पेन्सिलीने मराठीत लिहिलं: छाट स्वतःच काढली.