सीमाभागातल्या वॉर्डात प्रश्न आधीच विचारावेत

बेळगावच्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात खानापूरची मराठी आजी, सौंदत्तीकडचा कन्नड शेतकरी आणि सदलग्याकडचे जैन आजोबा एकाच वॉर्डात भेटतात. हद्द ओलांडून चंदगडहून आलेले पेशंटही असतातच. औषध देणारी सिस्टर कधी केरळची असते. तिचं कन्नड कामापुरतं, मराठी त्याहून कमी. इथे नव्यानं लागलेल्या सिस्टर-ब्रदरना माझं एकच सांगणं आहे. खाणं, उपास, अंगावरच्या वस्तू आणि घरात कोणाचा शब्द चालतो, हे ॲडमिशनच्या वेळीच विचारून केसपेपरवर लिहा. पाच मिनिटं लागतात. नाही विचारलं तर हेच प्रश्न ऑपरेशन थिएटरच्या दारात भांडण होऊन उभे राहतात.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी 'उद्या उपाशी राहायचं' एवढंच सांगितलं, की घरची मंडळी त्याचा उपास करतात. सकाळी दुधाचा चहा, एखादं केळ, थोडी साबुदाण्याची खिचडी. त्यांच्या हिशेबानं काहीच चुकलेलं नसतं. पण भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जीव धोक्यात येतो. सर्वसाधारण नियम असा : साधं पाणी २ तास आधीपर्यंत, हलकं खाणं आणि दूध किंवा दुधाचा चहा ६ तास आधीपर्यंत, तेलकट किंवा मटणाचं जेवण असेल तर ८ तास. म्हणून पदार्थांची नावं घेऊन आणि घड्याळातली वेळ देऊन सांगावं. त्याच वेळी दात कशानं घासता, हेही विचारावं. 'तंबाखू खाता का' या प्रश्नाला निपाणी-चिकोडीकडची बाई मनापासून नाही म्हणेल, कारण मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, पण तिच्या लेखी ती दात घासायची पूड आहे. शरीरात निकोटिन मात्र जातंच, आणि गरोदर बाईच्या बाबतीत तर हे कळायलाच हवं.

मंगळसूत्र आणि हिरव्या बांगड्यांचा विषय नाजूक. धातू अंगावर ठेवून कॉटरी (विजेवर चालणारं, रक्त थांबवायचं उपकरण) वापरली तर भाजण्याचा धोका असतो आणि हात सुजला की बांगडी रुतते, हे कारण नवऱ्याला आणि सासूला आदल्या दिवशीच सांगावं. साबणाचं पाणी किंवा खोबरेल लावून बहुतेक बांगड्या निघतात. फोडण्याची भाषा तोंडातसुद्धा आणू नये, 'वाढवू या' म्हणावं. थिएटरची परवानगी असेल तर हळद लावलेला दोरा मनगटात सैल बांधता येतो, आणि त्या एका दोऱ्यानं बाईचा जीव शांत होतो.

लिंगायत पेशंटच्या गळ्यातल्या इष्टलिंगाला, म्हणजे अंगावर धारण केलेल्या छोट्या शिवलिंगाला, विचारल्याशिवाय हात लावू नये. ते कोणाच्या हातात द्यायचं, हे पेशंटनं ठरवावं. चपला-कपड्यांच्या पिशवीत, जमिनीवर किंवा पायथ्याशी ते कधीच ठेवू नये. आणखी एक गोष्ट सहसा कोणी शिकवत नाही. इष्टलिंगाची पूजा डाव्या तळहातावर घेऊन करतात, आणि आपण बहुतेकांना डाव्याच हाताच्या मागच्या बाजूला किंवा मनगटाशी सुई लावतो. मग हात वाकवता येत नाही, माणूस पूजेसाठी तो वाकवतोच आणि शीर सुजते. शीर मिळत असेल तर २० नंबरची गुलाबी कॅन्युला (शिरेत ठेवायची बारीक नळी) डाव्या कोपराखाली, हाताच्या सपाट भागावर लावावी. तळहात मोकळा राहतो आणि उजव्या हातानं जेवता येतं.

बायकांचा ईसीजी काढताना लाज आड येते. ब्लाउज न काढता वरवर लीड (छातीवर लावायच्या तारा) चिकटवली की त्यातल्या व्ही १ आणि व्ही २ या दोन लीड चौथ्या फासळीखालच्या जागेऐवजी वर, दुसऱ्या-तिसऱ्या जागेत जातात आणि न झालेला हार्ट ॲटॅक कागदावर दिसू शकतो. पडदा, सोबत एक बाई, अंगावर चादर, आणि काय करणार ते आधी सांगणं, एवढ्यानं काम होतं.

सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्या जैन पेशंटला रात्री ९ ची गोळी दिली तर ती उशीखाली जाते. दिवसातून दोनदाचं औषध सकाळी लवकर आणि संध्याकाळी दिवस असताना बसतं. तीनदाचं बसत नाही, तिथं डॉक्टरांकडून औषधच बदलून घ्यावं. जेवण लवकर असेल तर जेवणाआधीचं इन्सुलिनही तितकंच लवकर. कॅप्सूलचं आवरण बहुधा जनावरांपासून केलेल्या जिलेटिनचं असतं, तेव्हा शाकाहारी पेशंटनं विचारलं तर खरं सांगावं आणि गोळीचा पर्याय मागावा. आपल्या मनानं कॅप्सूल फोडून पाण्यात कालवू नये, काही औषधं त्यानं वाया जातात. एकादशी असो की रोजा, मधुमेही पेशंटची साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली की उपास सोडायचा, हे आधीच ठरवून घ्यावं. साखर कमी झाली तर ३ चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं. किडनीच्या पेशंटला उपासाचे बटाटे, रताळी आणि शहाळं पोटॅशियममुळे घातक ठरतात. आणि सैंधव हेही मीठच आहे, बीपीवाल्यांना हे मुद्दाम सांगावं लागतं.

अमेरिकेतल्या परिचारिका आणि मानववंशशास्त्रज्ञ मॅडलिन लायनिंगर (१९२५–२०१२) यांनी अशा रीतींबाबत तीन वाटा मांडल्या : जपणं, जुळवून घेणं, बदलणं. बाळंतिणीच्या खाटेशी त्या अगदी उपयोगी पडतात. डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, डोक्याला बांधलेला रुमाल खुशाल जपावेत. शेकाशी जुळवून घ्यावं : बंद खोलीत कोळशाची शेगडी म्हणजे विषारी वायू, म्हणून खिडकी उघडी हवी आणि झोपण्याआधी शेगडी बाहेर. डोळ्यांत काजळ घालण्याऐवजी तळपायाला तीट लावली तरी दृष्टीची काळजी मिटते. चीक (आईचं पहिलं घट्ट दूध) पिळून टाकणं, मध चाटवणं, नाळेला हळद-राख लावणं, नाका-कानांत तेल सोडणं आणि बाळंतिणीला पाणी कमी देणं मात्र बदलायलाच हवं. पहिल्या तासात बाळ छातीशी लागावं. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषानं अंग लुळं पडण्याचा धोका. नाळ कोरडी ठेवली की आपोआप पडते.

हे सगळं सुनेला सांगून काही होत नाही. आजीला, अज्जीला किंवा नानीला खुर्ची देऊन बसवावं, आधी 'तुमच्याकडं काय करतात?' विचारावं, मग त्यांच्याच हाती काम द्यावं. पाचव्या दिवसापासून २४ तासांत ६ किंवा जास्त ओली लंगोटं म्हणजे दूध पुरतंय. मोजायचं काम आजीकडं दिलं की वरच्या दुधाची घाई थांबते.

मृत्यूनंतर पाय सरळ करून बांधण्याचा वॉर्डातला रिवाज सगळ्यांना चालत नाही. लिंगायतांमध्ये बसलेल्या स्थितीत दफन करतात, आणि शरीर काही तासांतच ताठरायला लागतं. म्हणून आधी विचारावं आणि कागद लवकर पूर्ण करावेत. शवविच्छेदन लागणार असेल तर तेही लगेच सांगावं. शेवटच्या घटकेला तुळशीपत्राचं पाणी चमच्यानं घशात ओतण्याऐवजी भिजवलेल्या कापसानं ओठांना लावू द्यावं.

भाषेसाठी पोरांना किंवा नवऱ्याला मध्ये घालू नये. आधीचा गर्भपात, अंगावरून जाणं, घरातली मारहाण हे त्यांच्यासमोर बाई बोलणार नाही. ती भाषा जाणणारी दुसऱ्या वॉर्डातली सिस्टर पाच मिनिटं बोलवावी. 'समजलं का?' ला सगळे 'व्हय' म्हणतात, तेव्हा 'घरी गेल्यावर ही गोळी कधी देणार, मला सांगा बघू' असं विचारावं. पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढावेत. कागदावर सही करायला मुलगा येतो, गोळ्या सून देते. ती दुपारच्या बसनं येणार असेल तर डिस्चार्जचं शिकवणं दुपारी ठेवावं.