टेस्ट फेल, म्हणून रिपोर्टही गायब

सॉफ्टवेअरच्या टेस्टचे निकाल डॅशबोर्डवर, म्हणजे टीमच्या निकालफलकावर, चढवायचं काम आमच्या टीममध्ये आजवर हातानेच चालायचं. शुक्रवारी संध्याकाळी ते हमखास राहून जायचं. आज सांगलीत घरी बसून ते कमांड लाइनवर, म्हणजे टाइप केलेल्या एका आदेशावर, आणलं. जेयुनिट पद्धतीची एक्सएमएल फाईल (टेस्टचे निकाल लिहायचा प्रचलित साचा), बिल्ड नंबर (सॉफ्टवेअरच्या त्या बांधणीचा क्रमांक), एंटर, झालं. टोकन, म्हणजे अपलोडसाठीची गुप्त किल्ली, मात्र कमांडमध्ये लिहायचं नाही, ते शेलच्या (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) हिस्ट्रीत जाऊन बसतं. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे कमांडच्या बाहेर वेगळं ठेवून, द्यायचं.

खरी गंमत पुढे. ही कमांड पाइपलाइनमध्ये, म्हणजे एकामागून एक आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांत, टेस्टनंतर टाकली. सगळ्या टेस्ट पास झाल्या की रिपोर्ट झकास वर जायचा, आणि एखादी फेल झाली की डॅशबोर्ड कोरा! पायटेस्टमध्ये (पायथनच्या टेस्ट चालवणारं साधन) टेस्ट फेल झाली की एक्झिट कोड, म्हणजे प्रोग्राम संपताना देतो तो आकडा, 0 ऐवजी 1 येतो. पाइपलाइन तिथेच थांबते, अपलोडची पायरी येतच नाही. म्हणजे रिपोर्ट ज्या दिवशी हवा, नेमका त्याच दिवशी नाही. असली रचना करताना मला खटकली कशी नाही, देव जाणे.

मग 'काहीही झालं तरी चालव' अशी अट अपलोडला लावली आणि मुद्दाम एक टेस्ट पाडली. डॅशबोर्डवर लाल पट्टी, खाली स्पष्ट ओळ: अपेक्षित 200 (सर्व्हरचं 'ठीक आहे'), मिळालं 500 (सर्व्हरमध्ये बिघाड). आई भडंगाची वाटी ठेवायला आली होती.

"बिघडलं का रे काही?"

"नाही गं, लाल आलं म्हणूनच खूश आहे."

तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ते सोडा.

स्किप केलेल्या, म्हणजे न चालवता सोडलेल्या, टेस्ट अजून पासमध्येच मोजल्या जातायत. ते उद्या बघतो.